नातवंडांच्या खिशातले दगड

लहान मूल खेळून घरी परतले की त्याच्या खिशातून जे काही निघते, त्यात एखादा दगड हमखास असतो. आई तो कपडे धुताना काढते आणि अंगणाबाहेर भिरकावते. आजी मात्र बहुधा विचारते, "कुठे रे सापडला?" या दोन प्रतिक्रियांपैकी दुसरी मला वैद्यकीयदृष्ट्याही अधिक हितकर वाटते, आणि या पंधरवड्याचा लेख तिच्याच बाजूने लिहिलेला आहे.

सुट्टीत शहरातील नातवंडे गावी येतात. दुपारच्या चार तासांचे काय करावे, हा प्रश्न आजीआजोबांना पडतो आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत मोबाइल हेच असते. त्याऐवजी दगड, माती, मीठ, शिंपले आणि लिंबू एवढ्या साहित्यावर आठदहा दुपारी सहज निघतील. अशा उद्योगाने स्मृतिभ्रंश टळतो, असा दावा मी करणार नाही. पण बोटांना सूक्ष्म हालचाल मिळते, बोलायला विषय मिळतो, आणि घरात आपला काही उपयोग आहे ही जाणीव ज्येष्ठांना मिळते. तिची गोळी अजून निघालेली नाही. शिवाय या प्रयोगांतून हाडे, मुतखडा, रक्तक्षय अशा विषयांवर चार गोष्टी आपोआप कळतात. दवाखान्यात त्या सांगायला मला वेळ पुरत नाही.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरी पद्धतीची विकत आणावयाची साधने पाड्यावरच्या मुलांना परवडणारी नव्हती. म्हणून त्यांनी खडे, शिंपले, बिया, पाने यांनाच शिक्षणाची साधने केले. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. कोसबाडच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण मंडळींनी आज दगड शिकविण्यासाठी ऑनलाइन खोकी मागवावीत, हे मला थोडे चमत्कारिक वाटते.

दगडाची ओळख घरापासूनच करावी. पाटा, वरवंटा, जाते, अंगणातील पायरी हा सारा आपल्या पायाखालचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील भेगांतून वितळलेला लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि थंड होऊन हा दगड झाला. काही दगडांत जी बारीक छिद्रे दिसतात, ती त्या वेळी अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. कधी त्या छिद्रांत नंतर पांढरे, चमकदार स्फटिक भरलेले आढळतात. नातवंडांना एवढे सांगून आजीने जात्याला टाकी का लावावी लागे, नवे जाते आणल्यावर पहिले पीठ का टाकून देत, हे सांगावे. हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही, आणि जात्यावर बसलेली ही बहुधा शेवटचीच पिढी आहे.

मग कठीणपणाची परीक्षा घ्यावी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिख मोस यांनी १८१२ साली खनिजांची एक ते दहा अशी क्रमवारी लावली. जे ज्याच्यावर ओरखडा काढते, ते अधिक कठीण, एवढाच तिचा नियम. शंखजिरे पहिल्या क्रमांकावर, हिरा दहाव्या. आपले नख साधारण अडीचवर बसते, लोखंडी खिळा पाचाच्या आसपास, गारगोटी सातवर. सूर्या किंवा वरोळीच्या पात्रातून आणलेले दहा गोटे या कसोटीने रांगेत लावायला मुलांना तासभर पुरतो. गारगोटीने काचेच्या तुकड्यावर ओरखडा उठतो, हे पाहून ती चकित होतात; काचेची कड आधी चिकटपट्टीने झाकावी. दगड फोडण्याचा हट्ट मात्र पुरवू नये. उडालेली कपची डोळ्यात जाते. दगड कोरडा कुटून पूड करण्याचा खेळ तर नकोच, कारण गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन कायमची बसते. खडी आणि गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, तो याच धुळीमुळे. एका दुपारच्या खेळाने तो होत नाही हे खरे, पण धूळ उडवायची नाही ही सवय लहानपणीच लागलेली बरी.

आता लिंबू घ्यावे. डहाणू, नरपड, चिंचणी, बोर्डी येथील कोणत्याही किनाऱ्यावर शिंपल्यांना तोटा नाही. धुतलेल्या शिंपल्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकले की बारीक फेस येतो. शिंपले कॅल्शियम कार्बोनेटचे असते; आम्लाने त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू सुटतो. अंड्याचे कवच आणि किनाऱ्यावर सापडणारे समुद्रफेन यांचेही हेच होते. समुद्रफेन हे नाव ऐकून तो फेसच वाटतो, पण ते माकुळ जातीच्या एका जलचराच्या शरीरातील कवच आहे. जात्याच्या काळ्या दगडावर लिंबू टाकले तर काही होत नाही. मात्र त्याच्या छिद्रातील पांढरे स्फटिक फसफसले, तर ते बहुधा कॅल्साइट. रांगोळीची पूड दुकानागणिक निराळी निघते: काही फसफसते, काही स्वस्थ बसते. स्वयंपाकाच्या ओट्यावर कडाप्पा असेल, तर त्यावर लिंबाचे पांढरट डाग का पडतात आणि शेजारच्यांच्या ग्रॅनाइटवर का पडत नाहीत, याचा उलगडाही येथेच होतो. कडाप्पा हा काळा दिसत असला तरी चुनखडीचा दगड आहे. सुनेने ओटा नीट पुसला नाही, हा आरोप त्यामुळे मागे घ्यावा लागेल.

हा प्रयोग पाहिलेल्या एका आजोबांनी मला लगेच विचारले, "मग डॉक्टर, लिंबू पिऊन मुतखडाही असाच विरघळेल?" प्रश्न अत्यंत शहाणा आहे. उत्तर असे, की आपल्याकडील बहुतेक मुतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, कार्बोनेटचे नव्हेत, आणि प्यालेले लिंबू मूत्रपिंडात आम्ल म्हणून पोहोचतही नाही. तयार झालेला ऑक्झलेटचा खडा लिंबाने विरघळत नाही. मात्र लिंबातील सायट्रेटमुळे लघवीत नवा खडा जमण्यास अडथळा होतो, म्हणून ज्यांना पुनःपुन्हा खडे होतात त्यांना ते उपयुक्त ठरते. त्याहून मोलाचे म्हणजे पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे, असे आम्ही सांगतो. आमच्या दमट उन्हाळ्यात वाडीत काम करणाऱ्याला त्यासाठी तीन लिटरच्या पुढे जावे लागते. हृदय किंवा मूत्रपिंड दुर्बल असल्याने ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये. आणि पित्ताशयातील खडे हा अगदी वेगळा प्रकार आहे. ते बहुधा कोलेस्टेरॉलचे असतात. त्यांना खडे म्हणावे ते केवळ रूपावरून.

सगळ्यांत अधिक वेळ द्यावा असा प्रयोग हाडाचा आहे. मांसाहारी घरांत कोंबडीच्या तंगडीचे हाड उकडून स्वच्छ करावे आणि काचेच्या बरणीत व्हिनेगर घालून त्यात बुडवून ठेवावे. दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदलावे. चारपाच दिवसांत हाड रबरासारखे वाकू लागते. अंडे चालत असेल तर कच्चे अंडे एकदोन दिवस व्हिनेगरमध्ये ठेवले तरी कवच नाहीसे होऊन पातळ पडद्यातील मऊ अंडे हाती येते. (ते खायचे नाही, आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे.) आता दुसरे हाड घेऊन मोठ्या माणसाने ते चुलीच्या निखाऱ्यात पांढरे होईपर्यंत जाळावे. निवल्यावर ते बोटाने दाबताच खडूसारखे मोडते.

दोन्ही हाडे शेजारी ठेवली की शरीरातील हाड कशाचे बनले आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. एक भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचा; त्याने कडकपणा येतो. दुसरा भाग प्रथिनाच्या तंतूंचा. त्याने चिवटपणा येतो. व्हिनेगरने खनिज काढून घेतले, उरले ते तंतू. अग्नीने तंतू जाळले, उरले ते खनिज. मुलांच्या मुडदुसात ड जीवनसत्त्वाअभावी तंतूंवर पुरेसे खनिज चढत नाही. हाडे पहिल्या हाडासारखी मऊ राहतात आणि पाय वाकतात. वृद्धांची ठिसूळ हाडे ही थोडी वेगळी गोष्ट. तेथे खनिज आणि तंतू दोन्ही कमी होतात, हाड आतून विरळ होते, जाळी मोठी होत जाते. क्ष-किरणात ते लक्षात येईपर्यंत बरेच हाड गेलेले असते, आणि पुष्कळांना ते पहिल्यांदा समजते ते न्हाणीघरात पाय घसरल्यावरच.

शरीरात साधारण एक किलो कॅल्शियम असते आणि त्यातील ९९ टक्के हाडांत व दातांत. उरलेला एक टक्का रक्तात आणि पेशींत राहून हृदयाचे, स्नायूंचे काम चालवितो. त्याची पातळी शरीर घसरू देत नाही. आहारातून पुरेसे आले नाही, तर हाडातून उचल होते. रोज सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या स्त्रियांना थोडे अधिक. तलासरी-डहाणूच्या पाड्यांवर त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. सुका जवळा, काट्यांसकट चावून खाता येणारी बारीक मासळी, दूध, ताक, तीळ, शेवग्याचा पाला हे सारे उत्तम. नागलीची भाकरी मागे पडून तिच्या जागी चहा-बिस्कीट आले, ही माझ्या मते या भागातील आहाराची मोठी हानी आहे. त्याच्या जोडीला ऊन आणि चालणे हवेच. सावलीत बसून राहिलेल्या माणसाच्या हाडावर कॅल्शियमच्या गोळीचा फारसा प्रभाव पडत नाही. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मनगट, मणका किंवा खुबा मोडला असेल, तर "पडले म्हणून मोडले" एवढ्यावर समाधान मानू नये. हाडांची तपासणी करून घ्यावी.

गेरूकडे वळू. वारली घरांच्या भिंती शेणामातीने सारवून त्यावर गेरूचा हात देतात आणि तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. याच तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली. गेरूचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. न चकाकणाऱ्या कौलाच्या किंवा फरशीच्या मागील बाजूवर गेरू घासला की लाल रेघ उठते. मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या खिळ्यावर चार दिवसांत जो गंज येतो, तो कागदावर पुसून शेजारी ठेवावा. गेरूचा तो सख्खा नाही, तरी चुलत भाऊ निश्चित. पुढे किनाऱ्यावरील वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक फिरवावे. बारीक काळे कण पिशवीला चिकटून येतात. त्यातही लोहच आहे, पण गेरूला मात्र चुंबक जवळजवळ ओढतच नाही. एकच धातू, जोडणी निराळी, म्हणून वागणे निराळे.

हा फरक मी मुद्दाम सांगतो. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले गेरू, पाटीची लेखण, भाजलेली माती खातात, आणि घरातील वडीलधारी कधी कधी त्याचे समर्थन करतात: लाल आहे, रक्त वाढेल. गेरूतील लोह आतड्यात विरघळत नाही, अंगी लागत नाही. उलट मातीबरोबर जंताची अंडी पोटात जातात, क्वचित शिशासारखा घातक धातूही. माती खाण्याची ओढ हेच पुष्कळदा रक्तक्षयाचे लक्षण असते. असे माणूस घरात असेल तर त्याला रागावू नये, त्याचे हिमोग्लोबिन तपासावे. लोहाच्या गोळीतील क्षार विरघळणारे असतात. ती लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास अधिक शोषली जाते, चहाबरोबर घेतल्यास वाया जाते. आणि वृद्धांत हिमोग्लोबिन कमी निघाले तर ते वयामुळे आहे असे गृहीत धरू नये. आतड्यातून हळूहळू होणारा रक्तस्राव शोधावा लागतो. वेदनाशामक गोळ्या रोज घेणाऱ्यांत तर विशेषतः.

चुंबकाविषयी दोन इशारे. आजोबांच्या छातीत पेसमेकर बसविलेला असेल, तर चुंबक त्यांनी हाताळू नये आणि छातीपासून किमान सहा इंच दूर असावे. जुन्या स्पीकरमधले मोठे चुंबक खोलीच्या दुसऱ्या टोकालाच ठेवलेले बरे. दुसरा इशारा पाच वर्षांखालील मुलांसाठी. खेळण्यांतील वाटाण्याएवढी ताकदवान चुंबके एकाहून अधिक गिळली गेली, तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांना चिमटीत धरून भोक पाडतात. एकच गिळल्याची शंका असली तरी शौचावाटे पडेल म्हणून वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मीठ आणि तुरटीचे प्रयोग सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून थोडक्यात. कोमट पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवून गाळावी, तुरटीचा लहानसा कण दोऱ्याला बांधून त्यात सोडावा आणि भांडे हलवू नये. आठवडाभरात आठ पैलू असलेला स्फटिक दिसू लागतो. खाऱ्या पाण्याची बशी उन्हात ठेवली की मिठाचे चौकोनी घन उमटतात. आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मिठागरांत हेच मोठ्या प्रमाणावर घडते. भिंगातून ते घन मोजणे आजोबांनाही आवडते. त्याच बैठकीत सपाट एक चहाचा चमचा मीठ काढून कागदावर ठेवावे आणि सांगावे, की एका माणसाने दिवसभरात, भाजी, भाकरी, लोणचे, पापड, सुकी मासळी सर्व धरून, एवढ्यापेक्षा अधिक खाऊ नये. पाच ग्रॅमची ही मर्यादा तोंडाने शंभर वेळा सांगून पटत नाही. डोळ्यांनी पाहिल्यावर थोडी पटते.

चुन्याचा प्रयोग मात्र मी यादीतून काढून टाकला आहे. चुनकळीवर पाणी टाकून ती उकळताना पाहणे किंवा चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारणे हे प्रयोग शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली ठीक आहेत, घरी नकोत. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची लहान पुडी किंवा नळी घरोघरी खालीच पडलेली असते. मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. चुना आम्लापेक्षा वाईट. तो बुबुळात खोल शिरत राहतो आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. असे घडल्यास क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ पाण्याची धार डोळ्यात सोडावी, पापण्या उघड्या धरून किमान अर्धा तास. चुन्याचे कण पापणीखाली अडकलेले असतील तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने काढावेत आणि मग नेत्रतज्ज्ञाकडे जावे. आधी तूप, दूध, मध घालून नंतर दवाखाना, हा क्रम घातक आहे. चंची उंचावर ठेवण्याचे काम आजोबांनी स्वतःकडे घ्यावे. शौचालय स्वच्छ करण्याचे आम्ल तर कोणत्याही प्रयोगासाठी बाटलीतून बाहेर काढू नये. लिंबू आणि व्हिनेगर एवढी आम्ले आपल्याला पुरेत.

शेवटी त्या दगडांविषयी, जे आपल्याला दिसत नाहीत. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांनी जे अनुभवले, ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या परिसरात जमिनीतून तोफ उडाल्यासारखा आवाज यायचा आणि भांडी खणखणायची. १ फेब्रुवारी २०१९ रोजी एकाच दिवसात अनेक धक्के बसले, त्यातील मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या काळात लोक थंडीत अंगणात, तंबूत झोपले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने येथे भूकंपमापक यंत्रे बसविली. धक्क्याच्या भयाने बाहेर पळताना पडून एका चिमुरडीचा जीव गेला, हे त्या दिवसांतील सर्वांत कटू स्मरण. पुढील वर्षांतही धक्के अधूनमधून येत राहिले.

मुले याविषयी विचारतात, आणि "देवाची करणी" किंवा "घाबरू नको" यांपैकी कोणतेही उत्तर त्यांना पुरत नाही. बांबूची वाळलेली कामटी दोन्ही हातांनी हळूहळू वाकवायला सांगावी. ती वाकते, आणखी वाकते, आणि एका क्षणी कडाड मोडते. हाताला झिणझिण्या येतात. खडकावर ताण साठत जातो आणि तो एकाएकी मोकळा होतो, तेव्हा असेच होते; हाताची झिणझिण म्हणजे जमिनीचा धक्का. आता भाजलेला उडदाचा पापड ताटात ठेवून तळहाताने हळूहळू दाबावा. एक मोठा तडा न जाता कुर्र कुर्र करीत अनेक लहान तडे जातात. आपल्याकडे जे घडले ते याच प्रकारचे: एक मोठा भूकंप नव्हे, तर लहान धक्क्यांची मालिका. केंद्र जमिनीखाली फार खोल नसल्यामुळे लहान धक्काही जोरात जाणवतो आणि त्याचा आवाजही ऐकू येतो. तीव्रतेचा अंक एकाने वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पटींनी वाढते, दोनाने वाढला तर हजार पटींनी. १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा भूकंप सहापेक्षा अधिक तीव्रतेचे होते, हे सांगितले म्हणजे तुलना कळते. मोठा धक्का कधीच बसणार नाही, असे मात्र मुलांना सांगू नये. ते कोणालाच सांगता येत नाही, आणि मुलांना खोटे चटकन ओळखू येते.

या मालिकेच्या काळात दवाखान्यात वृद्धांची एक तक्रार फार ऐकू येई: जमीन हलतच आहे, पलंग डोलतोच आहे. वारंवार धक्के बसलेल्या भागांत ही भावना जगभर नोंदली गेली आहे. कानातील तोल राखणारी यंत्रणा आणि सावध झालेले मन यांचा तो संयुक्त परिणाम असतो. त्यासाठी नातवंडांनी आजीच्या उशाशी अर्धा भरलेला काचेचा पेला ठेवावा. शंका आली की दिवा लावून पाणी पाहायचे. पाणी हलत असेल तर धक्का. पाणी स्थिर असेल तर चक्कर आपली. चक्कर आपली असली आणि ती दोनतीन दिवसांत थांबली नाही, तर रक्तदाब (बसून आणि उभे राहून असा दोनदा), साखर आणि कान तपासून घ्यावेत. रक्तदाबाची किंवा झोपेची गोळी जास्त झाल्यानेही असे होते, आणि त्याचे खापर धरणीवर फुटते.

धक्क्याच्या वेळी काय करायचे, याचा सराव नातवंडांसह एकदा प्रत्यक्ष करावा. पक्क्या घरात भक्कम टेबलाखाली बसून डोके झाकायचे आणि टेबलाचा पाय धरायचा. घर मातीच्या भिंतींचे आणि जड कौलांचे असेल व दार दोनचार पावलांवर असेल, तर बाहेर मोकळ्यात यायचे, पण धावायचे नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाने टेबलाखाली शिरण्याचा आटापिटा करू नये. खुर्चीतच पुढे वाकून उशीने मान व डोके झाकावे. अंथरुणाला खिळलेल्याला उचलून पळण्यात उचलणारा आणि उचललेला असे दोघेही पडतात. त्याच्या डोक्यावर उशी द्यावी, आणि त्याचा पलंग आजच कपाटापासून, भिंतीवरील फळीपासून व खिडकीपासून दूर सरकवावा. काठी पलंगाला दोरीने बांधलेली असावी, म्हणजे अंधारात ती घरंगळत जात नाही. चपला उशाखाली, शेजारी विजेरी, आणि एका पिशवीत तीन दिवसांच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी व चष्मा. चपलांचे महत्त्व लोकांना पटत नाही. पण अंधारात फुटलेल्या कौलांवरून अनवाणी जाणाऱ्या मधुमेही माणसाच्या पायाला जी जखम होते, ती बरी व्हायला महिने लागतात.

वस्तू कोठे ठेवायच्या, यासंबंधी आणखी एक सूचना. मुलांनी गोळा केलेले दगड पेटीत ठेवावेत, प्रत्येकाला सापडल्याचे ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. माळ्यावर किंवा पलंगावरच्या फळीवर पेटी ठेवू नये. व्हिनेगरची बरणी आणि तुरटीचे भांडे यांवर ठळक अक्षरांत "पिऊ नये" असे लिहावे आणि ती पिण्याच्या माठापासून दूर ठेवावीत. मोतीबिंदू झालेल्या माणसाला रात्री तहान लागली, की हाताला जे भांडे येते ते तो तोंडाला लावतो.